धातुशोधक यंत्र आणि पारखेची कळ



माझें सारें आयुष्य शाळेंत गेलें. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि त्यानंतर मेळघाटांतील खेड्यापाड्यांत पस्तीस वर्षें मास्तरकी, एवढेंच माझें भांडवल. अशा मनुष्यानें विजेच्या एका नव्या यंत्राविषयीं बोलावें, हें कित्येकांना धाडसाचें वाटेल. परंतु गेल्या दोन वर्षांत असें एक यंत्र माझ्या हातीं आलें आहे, आणि तें वापरतांना माझ्या हातून कांहीं चुका झाल्या आहेत. त्या चुकांचा लाभ इतरांनाही व्हावा, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

हें यंत्र म्हणजे जमिनींत दडलेली धातूची वस्तु हुडकून काढणारें यंत्र. देवळाच्या, न्यायालयाच्या किंवा मोठ्या रेल्वे स्टेशनच्या दाराशीं शिपाई जें लहानसें दांडकें आपल्या अंगावरून फिरवितो, त्याचाच हा थोरला भाऊ. कमरेइतकी उंच काठी, तिच्या टोंकाला थाळीएवढें चपटें वेटोळें, आणि मुठीजवळ अंक दाखविणारी लहानशी कांच, असें याचें स्वरूप. माझा पुतण्या पुण्यास असतो; त्यानें तें विकत घेतलें, चार दिवस खेळला, आणि कंटाळून माझ्या स्वाधीन करून गेला. धारणीस तें आल्याची वार्ता दुसऱ्याच दिवशीं गांवभर झाली, आणि संध्याकाळीं माझ्या ओट्यावर पांचपंचवीस मंडळी जमली. प्रश्न सर्वांचा एकच : ‘गुरुजी, यानें धन सांपडतें काय?’

आमच्या वऱ्हाडांत पुरलेल्या धनाच्या गोष्टींना तोटा नाहीं. पायाळू माणसाला भूमींतलें धन दिसतें, अमुक अंजन डोळ्यांत घातलें असतां हंडे दिसूं लागतात, हंड्यावर नाग राखण बसलेला असतो, या गोष्टी ज्यानें बालपणीं ऐकल्या नाहींत असा मनुष्य विरळा. गोष्ट म्हणून त्या गोड आहेत. परंतु त्यांच्यापायीं माणसें नागविलीं गेलीं आहेत, आणि कधीं कधीं निष्पाप जीवांचे बळीही गेले आहेत. म्हणूनच २०१३ सालीं महाराष्ट्रांत जादूटोण्याविरुद्ध जो कायदा झाला, त्यांत धनाच्या शोधासाठीं होणाऱ्या अघोरी कृत्यांचाही समावेश करावा लागला. आतां पायाळू माणसाची जागा हें यंत्र घेऊं पाहत आहे. तेव्हां यंत्राला काय कळतें आणि काय कळत नाहीं, हें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे.

यंत्राच्या वेटोळ्यांतून दर सेकंदाला हजारों वेळां दिशा पालटणारी वीज खेळत असते. तिच्यामुळें खालच्या जमिनींत एक पालटतें चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत धातूची वस्तु आली म्हणजे तिच्या अंगांत पाण्यांतील भोंवऱ्यांसारखे विजेचे लहान लहान प्रवाह उठतात, आणि हे प्रवाह उलट आपलें क्षीण चुंबकक्षेत्र निर्माण करतात. दुसरें एक वेटोळें हें उत्तर ऐकतें. आपण विहिरींत हांक मारली म्हणजे प्रतिध्वनि येतो, त्यांतलाच हा प्रकार आहे. मात्र येथें उत्तर केवढें आलें याबरोबरच तें किती विलंबानें आलें, हेंही यंत्र मोजतें. वीज सुलभतेनें वाहून नेणाऱ्या चांदीच्या किंवा तांब्याच्या जाड नाण्याचें उत्तर अधिक रेंगाळतें. पातळ वर्खाचें लवकर येतें. आणि लोखंड स्वतःच चुंबकाकडे ओढलें जाणारें असल्यामुळें त्याचें उत्तर अगदीं दुसऱ्या टोंकाला जाऊन पडतें. या विलंबाचा यंत्र एक अंक करतें. लोखंडाचा अंक लहान, वर्ख व बारीक दागिने मध्यें, तांबें व चांदी वरच्या बाजूस, अशी ही ढोबळ उतरंड आहे.

आतां बागेसारख्या जागीं जमिनींत काय काय पडलेलें असतें, याचा विचार करा. बाटल्यांचीं बुचें, खिळे, तारांचे तुकडे, दाढीचीं पातीं, औषधाच्या गोळ्यांच्या चंदेरी पट्ट्या. पावलापावलावर यंत्र ओरडूं लागतें. हा त्रास चुकविण्यासाठीं यंत्रावर एक कळ ठेवलेली असते. तिला इंग्रजींत ‘डिस्क्रिमिनेशन’ म्हणतात. मी तिला पारखेची कळ म्हणतों. ती वीस अंकावर ठेवली, तर विसाच्या खालील अंकाच्या साऱ्या वस्तूंबाबत यंत्र मौन धरतें. ती चाळीसावर नेली, तर आणखी कित्येक वस्तु गप्प होतात. कळ जितकी वर, तितकी शांतता अधिक, आणि तितकेंच आपणांस वाटतें कीं यंत्र फार शहाणें झालें.

परंतु येथेंच मेख आहे. यंत्र धातु ओळखीत नाहीं. तें फक्त एक विलंब मोजतें, आणि तो विलंब धातूच्या जातीवर जसा अवलंबून असतो, तसाच वस्तूच्या आकारावर, जाडीवर आणि घडणीवरही असतो. सोनें ही विजेची उत्तम वाहक धातु खरी. पण सोन्याची बारीक अंगठी किंवा पातळ पत्र्याचा मणी घ्या, त्याचा अंक आणि चुरगळलेल्या चंदेरी पट्टीचा अंक यांत पुष्कळदां कांहीं अंतर राहत नाहीं. उलट बाटलीचें पोलादी बूच गोल व चपटें असल्यामुळें कधीं कधीं चांगल्या नाण्याच्या ऐटींत बोलतें. म्हणजे पारखेची कळ बुचाला आंत घेते आणि सोन्याच्या मण्याला दाराबाहेर उभें करते.

शाळामास्तराला प्रयोगावांचून चैन पडत नाहीं. मीं ओट्यावर घरांतलीं जुनीं नाणीं ओळीनें मांडून पाहिलीं. वडिलांच्या पेटींतला चांदीचा जुना रुपया खणखणीत बोलला. त्या रुपयांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. १९४० पासून ती निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा झाला. निकेल हीही चुंबकाला ओढ घेणारी धातु आहे. १९४७ च्या रुपयाला लोहचुंबक लावून पहा, तो चिकटेल. १९८८ पासून आपल्याकडे लहान नाणीं गंज न चढणाऱ्या पोलादाचीं पडूं लागलीं, आणि १९९२ पासून रुपयाही त्याच धातूचा निघूं लागला. हें पोलादही चुंबकाला चिकटतें. याचा अर्थ असा कीं, ‘लोखंड नको’ म्हणून कळ वर चढविली, तर आपल्या खिशांतला रुपयाही यंत्र लोखंडाच्या राशींत टाकून देण्याचा संभव असतो. परदेशांत बनलेल्या या यंत्रांवर ‘नाणीं’ अशी खूण करून ठेवलेली कळ असते. ती त्यांच्या नाण्यांकरितां असते, आपल्या नाण्यांकरितां नव्हे.

हें सारें मला पुढें कळलें. आधीं कळलें असतें, तर एका बाईचे तीन दिवस व माझे तीन दिवस वाचले असते.

झालें असें कीं, आमच्याकडील एका लहान बागेंत पोळ्याच्या सुमारास एक मोलमजुरी करणारी बाई आपल्या मुलांना झोंपाळ्यावर बसवीत असतां तिच्या गळ्यांतील काळी पोत तुटली, आणि डोरल्याच्या दोन लहान सोन्याच्या वाट्या व कांहीं मणी गवतांत विखुरले. मणी कांहीं हातीं लागले, वाट्या सांपडेनात. दुसरे दिवशीं ती माझ्या दाराशीं आली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ‘गुरुजी, माह्या मायनं देल्लं डोरलं हाये थे.’ बागेची देखरेख करणाऱ्यांची परवानगी घेऊन मी यंत्रासह निघालों. मागें मुलांची फौज होतीच.

पहिल्या संध्याकाळीं मीं पारखेची कळ चांगली वर चढविली. माझ्या मनांत विचार असा कीं, सोनें ही सर्वांत मौल्यवान धातु, तेव्हां तिचा अंकही सर्वांत वर असला पाहिजे. हें माझें अज्ञान. तासाभरांत मला तीन नाणीं मिळालीं, मुलांनीं टाळ्या वाजविल्या, आणि मी फुगलों. वाट्यांचा पत्ता नव्हता. दुसऱ्या संध्याकाळीं मीं कळ थोडी खालीं आणली, पण लोखंड व वर्ख मात्र गाळूनच ठेविले. निकाल तोच. बाई ओट्याच्या कडेला बसून पाहत होती. तिनें एक शब्दही उच्चारला नाहीं. मात्र तिच्या शेजारणीनें मोठ्यानें म्हटलें, ‘कोणी तरी उचलल्या असतील.’ आणि आदल्या दिवशीं जवळ खेळत असलेल्या एका मुलाकडे दोघीतिघींचे डोळे वळले. तें पाहून माझ्या काळजांत चर्र झालें. माझ्या यंत्राच्या मौनाचा अर्थ ‘येथें कांहीं नाहीं’ असा लोक करीत होते, आणि त्या अर्थापायीं एका पोराच्या माथीं चोरीचा आळ येऊं पाहत होता.

त्या रात्रीं मीं पुतण्याला दूरध्वनि केला आणि सारी हकीकत सांगितली. तो म्हणाला, ‘काका, कळ शून्यावर आणा. जें जें बोलेल तें तें खणा.’ तिसऱ्या दिवशीं मीं बागेच्या त्या भागांत दोऱ्या बांधून हातभर रुंदीचे पट्टे पाडले. यंत्र प्रथम जमिनीशीं जुळवून घेतलें. कारण आपल्याकडील काळी माती काळ्या पाषाणापासून झालेली आहे, आणि त्या पाषाणांत लोहाचे चुंबकी कण असल्यामुळें नुसती मातीच यंत्राला बोलकें करते. मग पारख शून्य करून, वेटोळें जमिनीलगत ठेवून, मुंगीच्या पावलानें मी एकेक पट्टा चाललों. काय तो गोंगाट! तीस-चाळीस बुचें, पसाभर खिळे, सायकलीची एक कडी, आणि चंदेरी पट्ट्या तर अगणित. मुलें कंटाळून निघून गेलीं. चौथ्या पट्ट्यांत, निंबाच्या मुळाशीं, एका गंजक्या खिळ्याचा कर्कश आवाज आला. खिळा काढला, आणि त्याच जागीं पुन्हां वेटोळें फिरविलें, तेव्हां एक हलका, वर्खासारखा आवाज आला. दोन बोटें मातीखालीं डोरल्याची वाटी होती. पहिल्या दोन्ही संध्याकाळीं मी त्या जागेवरून गेलों होतों. कळीनें खिळ्याला गप्प केलें होतें, आणि खिळ्याच्या सावलींत वाटीही गप्प झाली होती. दुसरी वाटी शेवटपर्यंत मिळाली नाहीं. तरी एक मिळाल्यामुळें त्या मुलाकडे वळलेले डोळे खालीं गेले.

ही चूक माझ्यासारख्या खेड्यांतील मास्तरानेंच केली असें नाहीं. या विद्येच्या आरंभींच तिचा एक मोठा दाखला आहे. १८८१ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष गार्फील्ड यांच्यावर एका माथेफिरूनें गोळी झाडली. गोळी शरीरांत रुतून बसली, आणि ती नेमकी कोठें आहे हें वैद्यांना कळेना. क्ष-किरणांचा शोध तेव्हां लागावयाचा होता. दूरध्वनि ज्यानें काढला तो अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलें विजेचें वेटोळें घेऊन रोग्याच्या खाटेपाशीं आला. तत्त्व आजच्या यंत्राचेंच होतें. परंतु शोध फसला. अध्यक्ष ज्या बिछान्यावर निजले होते, त्याच्या गादींत पोलादी तारा होत्या, असें पुढें आढळलें. आणि मुख्य वैद्यानें शोध शरीराच्या उजव्या बाजूसच होऊं दिला, कारण गोळी तेथेंच आहे असा त्याचा आग्रह होता. सप्टेंबरांत अध्यक्ष वारले. शवविच्छेदनांत गोळी डाव्या बाजूस निघाली. म्हणजे एका बाजूनें यंत्राला नको त्या धातूचा गोंगाट, आणि दुसऱ्या बाजूनें शोधापूर्वींच ठरविलेला निकाल. आमच्या बागेंत दुसरें काय घडलें होतें?

येथें एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. जमिनींतून निघणारी वस्तु हरवलेल्या दागिन्याऐवजीं जुन्या काळची असेल, तर काय करावें? आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अद्याप लागू आहे. जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु ज्याला सांपडेल, त्यानें ती काय आहे, किती आहे, कोठें व केव्हां सांपडली, हें जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावयाचें, आणि ती वस्तु सरकारी खजिन्यांत ठेवावयाची किंवा तारण द्यावयाचें, असा दंडक आहे. लपविणाऱ्याचा वांटा तर जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांपूर्वीचें नाणें किंवा मूर्ति ही पुरावस्तु ठरते, आणि तिचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं. गाविलगड, नरनाळा यांसारख्या संरक्षित किल्ल्यांत परवानगीवांचून कुदळ मारणें हा गुन्हाच होय. तेथें यंत्र घेऊन जाण्याचा विचारही करूं नये.

कोणी म्हणेल, जुनीं नाणीं सरकारांत देऊन काय मिळतें? तर तऱ्हाळ्याची गोष्ट ऐका. मंगरूळपीर तालुक्यांतील तऱ्हाळा हें गांव पूर्वीं अकोला जिल्ह्यांत होतें, आतां वाशीम जिल्ह्यांत आहे. तेथें १९३९ सालीं सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा सांठा निघाला. नाणीं सुमारें दीड हजार. तीं सोन्याचीं नव्हत, चांदीचींही नव्हत. तांबें, कथील, शिसें यांच्या हिणकस मिश्रणाचीं, ज्याला पोटिन म्हणतात, तशीं होतीं. सराफानें त्यांची किंमत मोडीच्या भावानें केली असती. परंतु महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तीं वाचलीं, आणि कुंभ सातकर्णि, कर्ण सातकर्णि, शक सातकर्णि अशा राजांचीं नांवें उजेडांत आलीं, जीं पुराणांच्या वंशावळींत नव्हतीं. वऱ्हाडच्या मातींतील मोडीच्या धातूनें राजघराण्याचा इतिहास भरून काढला. ‘फक्त चांदी-सोनें’ अशी कळ लावून जो शोधीत फिरतो, त्याच्या पायांखालून असा इतिहास मुकाट्यानें निघून जातो. आणि तो लोभापायीं एकट्यादुकट्यानें उकरला, तर कोणतें नाणें कोणत्या थरांत, कोणाशेजारीं होतें, हें कायमचें पुसलें जातें. म्हणून असें कांहीं दिसतांच हात थांबवावा, जागा जशीच्या तशी ठेवावी, आणि तहसीलदारांना कळवावें, हाच शहाणपणा.

आतां शेवटची गोष्ट. आणि ती सांगण्यासाठींच खरें म्हणजे मी आज येथें बसलों आहें.

बागेच्या त्या प्रसंगापूर्वीं, यंत्र नवें असतांना, माझा एक जुना विद्यार्थी ओट्यावर आला होता. तो कोरकू. आज तो जंगलखात्यांत वनरक्षक आहे. मीं त्याला मोठ्या डौलानें यंत्र दाखविलें आणि म्हटलें, ‘पहा, ही कळ अशी फिरविली कीं लोखंडासारखा सारा केरकचरा गप्प होतो.’ तो थोडा वेळ पाहत राहिला. मग हलक्या आवाजांत म्हणाला, ‘गुरुजी, आमच्या कामांत तर लोखंडच शोधावें लागतें.’

मेळघाट हा देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक. १९७३ सालीं ही योजना सुरू झाली, आणि १९७४ मध्यें मेळघाटाचा व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. गुगामळचें राष्ट्रीय उद्यान त्याच्या पोटांत आहे. उन्हाळ्यांत नाले आटतात आणि सारें रान मोजक्या पाणवठ्यांवर गोळा होतें. हें जसें आपल्याला ठाऊक, तसें शिकाऱ्यांनाही. ते पाणवठ्याच्या वाटेवर पालापाचोळ्याखालीं पोलादाचे दांतेरी सापळे पुरून ठेवतात. वाघाचा पाय पडला कीं दोन जबडे मिटतात, आणि तें जनावर सांखळीला जखडलेलें, तडफडत राहतें. २०१२ च्या एप्रिलांत चंद्रपूर जिल्ह्यांत पळसगांवच्या जंगलांत दोन वाघ अशा सापळ्यांत सांपडले. त्यांतला एक मेला. पुढच्याच वर्षीं मेळघाटांतील वाघांच्या शिकारीचीं प्रकरणेंही उघडकीस आलीं. रानडुकरासाठीं लावलेल्या तारेच्या फांसांत बिबटे व वाघ अडकतात, तें निराळेंच. म्हणून आतां मध्य भारतांतील व्याघ्र-अरण्यांत वनरक्षक पाणवठ्यांभोंवतीं धातुशोधक यंत्र घेऊन फिरतात.

त्या कामांत पारखेची कळ वर ठेवली तर काय होईल, हें सांगावयास नको. सापळा लोखंडाचा, सांखळी लोखंडाची, फांसाची तार लोखंडाची. ज्याला बागेंत आपण केर म्हणतों, तेंच तेथें जिवावरचें संकट असतें. तो म्हणाला, ‘आम्ही कळ शून्यावर ठेवतों, गुरुजी. पन्नास वेळां जुना खिळा निघतो, सहलीवाल्यांचा डबा निघतो. पण प्रत्येक आवाज पाहावाच लागतो. एक सोडला, आणि तोच खरा निघाला, तर?’

तो गेल्यावर मी पुष्कळ वेळ बसून राहिलों. हा मुलगा तिसरींत असतांना मीं त्याला मागच्या बांकावर बसविला होता. त्याच्या घरची भाषा कोरकू. ती मराठीच्या कुळांतली नव्हे, मुंडा कुळांतली. पुस्तकांतलें मराठी त्याला समजत नसे, म्हणून तो उत्तर देत नसे. आणि तो उत्तर देत नाहीं म्हणून मीं त्याला मठ्ठ ठरविलें होतें. माझ्या कानाची कळ एका ठराविक अंकावर बसविलेली होती. त्याखालचें मला ऐकूंच येत नव्हतें. तो पुढें शिकला तो स्वतःच्या जिद्दीनें व दुसऱ्या एका शिक्षकाच्या मायेनें, माझ्यामुळें नव्हे. अशीं आणखी किती मुलें माझ्या हातून मागच्या बांकावर राहून गेलीं असतील, याचा हिशेब आतां कोण देणार? एवढें मात्र सांगतों कीं, त्या दिवशीं त्याचें बोलणें मीं मनावर घेतलें असतें, तर बागेंत दोन संध्याकाळी वायां गेल्या नसत्या. पण जुनी खोड. विद्यार्थ्याचें म्हणणें मास्तराच्या कानांत लवकर शिरत नाहीं.

तेव्हां ज्यांच्या घरीं असें यंत्र असेल, किंवा येईल, त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगून मी रजा घेतों. पहिली : जागा ज्याची, त्याची परवानगी आधीं घ्या, अभयारण्यांत, राष्ट्रीय उद्यानांत व संरक्षित किल्ल्यांवर तर यंत्र नेऊंच नका, तें काम तेथील अधिकाऱ्यांचें आहे. दुसरी : काय शोधावयाचें हें निश्चित करा, आणि शक्य असल्यास तशीच दुसरी वस्तु जमिनीवर ठेवून यंत्र तिला काय अंक देतें तें पाहून घ्या; बाईच्या शेजारणीचें डोरलें मीं पहिल्याच दिवशीं मागून घेतलें असतें, तर पुढचें सारें टळलें असतें. तिसरी : पारखेची कळ शून्यावर ठेवून सुरुवात करा, गोंगाट असह्य झाला तरच ती एकेक अंकानें वर न्या, आणि दर वेळीं आपण काय गमावीत आहोंत याचा विचार करा. चौथी : खणणें बेतानें असावें. खुरप्यानें गवताची चकती तीन बाजूंनीं कापून झांकणासारखी उलटावी, माती फडक्यावर काढावी, वस्तु घेतल्यावर माती परत भरून, चकती बसवून, वर पाणी शिंपडावें. जमिनीखालीं विजेची तार किंवा नळ असण्याचा संभव असेल तेथें खुरपें लावूं नये. आणि निघालेलें बूच, खिळा, पातें पुन्हां तेथेंच टाकूं नये. पिशवींत भरून घरीं आणावें. उद्यां त्या गवतावर कोणाचें तरी मूल अनवाणी धांवणार असतें.

यंत्र गप्प आहे, एवढ्यावरून जमीन रिकामी आहे असें समजूं नका; आणि त्या मौनाच्या पुराव्यावर कोणा माणसावर आळ तर मुळींच घेऊं नका. आधीं कळ कोठें आहे तें पहा.